चुना, डिस्टेंपर, इमल्शन की वॉलपेपर? घरच्या घरी भिंती सजवणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

घराच्या आतल्या भिंतींना नवे रूप द्यायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत चर्चेची सुरुवात शेड कार्डापासून होते आणि रंगछटा पक्की झाल्यावर मग कोणत्या प्रकारचा रंग घ्यायचा हा प्रश्न दुकानदारावर सोपवला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. भिंतीचा गिलावा कशाचा आहे, तिच्यावर आधी काय लावलेले आहे आणि तिच्यात ओल आहे का, या तीन गोष्टींवरून प्रकार ठरतो. छटा त्यानंतर कोणतीही निवडता येते. रंगारी न बोलावता घरातल्या माणसांनीच काम करायचे असेल तर हा विचार अधिकच आवश्यक आहे, कारण रंगकामात मजुरीचा वाटा मोठा असल्याने बचत खरी असली, तरी सहा महिन्यांत पोपडे सुटले तर तीच मेहनत पुन्हा करावी लागते. येथे फक्त आतल्या भिंतींचा विचार केला आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंती आणि जिन्यावरचे उंच छत ही कामे परांची किंवा पहाड बांधून करणाऱ्या अनुभवी माणसांकडेच द्यावीत.

निवडीपूर्वी भिंतीची परीक्षा करून घ्यावी. कोरड्या तळहाताने भिंत जोरात पुसली आणि हाताला पांढरी भुकटी लागली, तर वर चुना किंवा डिस्टेंपर आहे. ओल्या स्पंजने तोच भाग चोळल्यावर रंग विरघळून स्पंजावर आला तर ते साधे डिस्टेंपर होय. काहीच आले नाही आणि पाण्याचे थेंब भिंतीवरून ओघळले तर वर इमल्शन (म्हणजे प्लास्टिक रंग) किंवा ऑइलपेंट आहे. मग बोटाच्या पेरांनी ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा सुटलेला असतो आणि तो काढून पुन्हा भरल्याशिवाय वर काहीही लावणे व्यर्थ आहे. शेवटी साधारण एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक-दोन दिवसांनी काढावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमले असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले असेल तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे आणि तिथे खिडकी उघडी ठेवणे किंवा एक्झॉस्ट पंखा बसवणे हाच उपाय आहे.

भिंतीतून येणारी ओल चारांपैकी कोणत्याही पर्यायाने बरी होत नाही. वरच्या सदनिकेच्या मोरीतून पाणी झिरपत असेल तर आधी सोसायटीकडे लेखी तक्रार करून गळती बंद करून घ्यावी, आणि मगच डबा उघडावा. याच कारणाने दिवाळीपूर्वीची घाई मला पटत नाही. कोकणात आणि मुंबईत पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो, चार महिने पाणी प्यालेली तळमजल्याची भिंत लगेच वाळत नाही, आणि तिच्यावर सणासाठी घाईने चढवलेल्या रंगाला आतल्या बाष्पामुळे फुगे येतात. जुनी घरे आणि तळमजल्यावरची घरे यांचे काम डिसेंबर ते मार्च या काळात करावे. देशावरच्या कोरड्या भागात किंवा वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत दिवाळीपूर्वी काम करायला हरकत नाही.

आता पर्याय पाहू. चुना हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे, आणि दगड-विटांच्या जुन्या वाड्यात किंवा गावाकडच्या मातीच्या घरात तो सर्वांत योग्यही आहे. चुन्याचा लेप श्वास घेतो, म्हणजे भिंतीतले बाष्प त्यातून बाहेर पडू शकते. याउलट अशा भिंतीवर इमल्शन चढवले की बाष्प आत अडकते आणि रंगाबरोबर गिलाव्याचा थरही सुटून येतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो, म्हणून तो दिवसेंदिवस घट्ट होत जातो, आणि क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजी धरत नाही. काम मात्र सावधपणे करावे लागते. कळीचा चुना पाण्यात टाकताच जोराने खदखदू लागतो आणि मिश्रण हात भाजेल इतके तापते, म्हणून लोखंडी पिंप घ्यावे, चुना थोडा थोडा पाण्यात सोडावा आणि डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे घालून मुलांना दूर ठेवावे. भिजलेला चुना काही दिवस तसाच ठेवून गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंक आणि पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ घालावी, आणि भिंत आधी पाण्याने ओली करून ताकासारखे पातळ तीन-चार हात द्यावेत. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळला की पांढरा होतो, तेव्हा पहिल्याच हातात भिंत झाकण्याच्या मोहाने दाट लावू नये. दाट चुना तडकतो. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवळी माती मिसळता येते. उणीव अशी की चुना कपड्यांना लागतो, धुता येत नाही आणि इमल्शन किंवा ऑइलपेंटच्या जुन्या थरावर मुळीच धरत नाही. शहरी सदनिकेसाठी तो म्हणूनच बाद ठरतो.

डिस्टेंपर खडूची भुकटी आणि बंधक द्रव्य यांच्यापासून बनते. सुकी भुकटी पाण्यात कालवून लावायचे साधे डिस्टेंपर आता क्वचितच घ्यावे. बाजारात मिळणारे ॲक्रिलिक डिस्टेंपर त्याहून बरेच टिकाऊ असते आणि हलक्या ओल्या फडक्याने पुसलेले सहन करते. भाड्याचे घर, क्वचित वापरली जाणारी खोली, माळा किंवा अडगळीची खोली यांसाठी ते पुरेसे आहे. मात्र तुम्ही स्वतःच्या घरात दीर्घकाळ राहणार असाल, तर आज वाचवलेले पैसे पुढच्या वेळी श्रमांत मोजावे लागतात. पुढे कधी इमल्शन लावायचे ठरले तर ते वाळताना आक्रसते आणि खालच्या भुसभुशीत थराला भिंतीपासून ओढून काढते, म्हणून जुने डिस्टेंपर पत्र्याने पूर्ण खरवडून, धुऊन, प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर लावणे अनिवार्य होते. एका खोलीचे खरवडणे हे रंगवण्याहून अधिक थकवणारे काम आहे.

सिमेंटच्या गिलाव्याच्या, कोरड्या भिंती असलेल्या बहुसंख्य कुटुंबांना मी इमल्शनच सुचवेन. ते पाण्यात मिसळते, टर्पेंटाइनचा वास नसतो, ब्रश नळाखाली धुता येतात आणि चांगल्या प्रतीच्या इमल्शनवरचे पेन्सिलीचे, हाताचे डाग ओल्या फडक्याने निघतात. लहान मुले असलेल्या घरात हा गुण फार मोलाचा आहे. प्रतींमध्ये फरक आहे: सर्वांत स्वस्त प्रतीचे इमल्शन पुसण्याच्या बाबतीत डिस्टेंपरपेक्षा फारसे सरस नसते, तर सर्वांत महाग, चमकदार प्रतीवर भिंतीचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा उठून दिसतो, आणि नवशिक्या हाताने भरलेली पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप) एकसारखी क्वचितच असते. म्हणून स्वतः काम करणाऱ्याने मधल्या प्रतीचे, कमी चमकेचे इमल्शन घ्यावे.

या पर्यायात खरे काम डबा उघडण्यापूर्वीच होते. सैल रंग खरवडून भेगा भराव्यात, पुट्टीचे दोन पातळ हात पत्र्याने ओढावेत, आणि ती वाळल्यावर 180 व मग 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावी. घासताना भिंतीला समांतर धरलेला बल्ब किंवा टॉर्च फार उपयोगी पडतो. तिरप्या प्रकाशात प्रत्येक ओरखड्याची सावली दिसते, जी समोरून पाहताना लक्षातही येत नाही. पुट्टीची धूळ अतिशय बारीक असते, त्यामुळे मास्क लावावा आणि कपाटांवर चादरी टाकाव्यात. स्विचबोर्डाभोवती ओले काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. प्रायमर वाळल्यावर कोपरे आणि कडा आधी ब्रशने भराव्यात आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवावा. एक भिंत मधेच सोडून जेवायला उठू नये, कारण जोडाचा पट्टा वाळल्यावर कायमचा दिसतो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला अवधी, सहसा चार तास, पाळावा.

वॉलपेपर दिसायला सर्वांत झटपट आणि हिशेबात सर्वांत फसवा पर्याय आहे. 10 फूट रुंद, 12 फूट लांब आणि 10 फूट उंच खोलीच्या भिंतींचे क्षेत्रफळ 440 चौरस फूट होते. एक दरवाजा आणि एक खिडकी वजा केली तर सुमारे 400 उरते. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 100 चौरस फूट लिहिलेले असेल तर 4 लिटरचा एक डबा पुरतो. वॉलपेपरचा प्रचलित रोल 53 सेंटीमीटर रुंद आणि 10 मीटर लांब, म्हणजे साधारण 57 चौरस फुटांचा असतो, त्यामुळे भागाकाराने सात रोल पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात एका रोलमधून भिंतीच्या उंचीच्या तीनच पट्ट्या निघतात, उरलेला तुकडा वाया जातो आणि आठ ते नऊ रोल लागतात. सगळी खोली मढवण्याऐवजी पलंगामागची 12 फुटांची एकच भिंत घेतली तर तीन रोल पुरतात, आणि माझ्या मते वॉलपेपरचा योग्य वापर तेवढाच आहे. व्हिनाइलच्या कागदातून बाष्प आरपार जात नाही, म्हणून बाहेरच्या बाजूच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर तो लावल्यास मागे काळी बुरशी धरते आणि वास येईपर्यंत ती दिसत नाही. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर हा धोका कमी असतो. मागचा थर सोलून चिकटवायचे कागद भाडेकरूंना सोयीचे वाटतात, पण डिस्टेंपरच्या भिंतीवर ते नीट धरत नाहीत आणि काढताना रंगाचा थर सोबत आणतात. अनामत रक्कम परत घेण्याच्या वेळी हा विषय निघतोच, तेव्हा लावण्यापूर्वी घरमालकांची संमती घ्यावी.

एका भिंतीला वेगळेपण हवे असेल तर वॉलपेपरच्या खर्चाआधी आणखी एक पर्याय तपासावा: गेरूच्या छटेचे इमल्शन आणि त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाने वारली पद्धतीचे रेखाटन. पालघर भागातील मूळ वारली चित्रे गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, बांबूच्या काडीने काढली जातात. वर्तुळ, त्रिकोण आणि रेषा एवढ्यावरच ती उभी असल्याने घरातली मुलेही त्यात भाग घेऊ शकतात.

स्वयंपाकघराबाबत मला शंका उरत नाही. तेथे पुसता येणारे इमल्शनच घ्यावे, आणि त्याआधी ओट्याभोवतीचा तेलकट थर धुण्याच्या सोड्याने साफ करून भिंत पूर्ण वाळू द्यावी. शेगडीमागे कागद लावू नये. तिथे टाइल्सच हव्यात.

दरवाजे आणि खिडक्यांचे गज यांचा जुना ऑइलपेंट हा वेगळा, पण गंभीर विषय आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा 90 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत 90 भागांपर्यंत, आणणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले, त्यामुळे त्यापूर्वीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये आणि जाळून काढू नये. पाणी लावून वॉटर पेपरने, म्हणजे ओल्याने वापरायच्या पॉलिश पेपरने, घासावा, कपचे आणि चिखल ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधावा, आणि काम संपेपर्यंत लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीत येऊ देऊ नये. थर फारच जाड असतील तर हे काम स्वतः न करता जाणकाराकडे द्यावे, आणि भिंतींचे काम त्यानंतरच सुरू करावे.