घाटी दवाखाना: तेच तेच विचारतात, सांगत राहा

घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबादचा) सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना. तिथं पेशंट नेणाऱ्याने एक तयारी ठेवावी. एकच गोष्ट पाच जणांना सांगायची. साप किती वाजता चावला, आवळून बांधलं होतं का, लघवी कधी झाली. आधी इंटर्न विचारतो, मग निवासी डॉक्टर, मग त्याचा सिनियर, आणि सकाळी राउंडला सर आले की पुन्हा पहिल्यापासून. आमचे तात्या तिसऱ्या खेपेलाच भडकले, "लेकहो, सगळे मिळून एकदाच का नाही लिहून घेत?"

तात्यांना सिल्लोडकडे कपाशी निंदताना घोणस चावली होती. वाटेतल्या एका खाजगी दवाखान्याने डिपॉझिटशिवाय हात लावला नाही, म्हणून तडक इथं. अपघात विभागात एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी उभी ठेवली आणि घड्याळ पाहिलं. कुणी हलवू नका म्हणाल्या. २० मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त सरळ ओघळलं, गुठळी नाहीच. घोणसीचं विष रक्त गोठू देत नाही, आणि ते ओळखायला एवढी नळी पुरते. लगेच सलाईनमधून सर्पदंशाची लस चालू. सहा तासांनी पुन्हा नळी. लघवी मापाच्या भांड्यात धरून आकडा सिस्टरला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण या विषाने किडनीही बसू शकते.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांचा घोळका खाटेभोवती. त्यातली एक मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, रोजची काही गोळी चालू आहे का?" तात्या आधी सगळ्यांना ठणकावून नाही म्हणाले होते. हिला म्हणाले, "गोळी कसली, ती छातीची बारकी पांढरी." निघाली रक्त पातळ करणारी! सरांनी तिथल्या तिथं ती बंद करायला लावली. शिकवणारा दवाखाना म्हटलं की लोक नाक मुरडतात, पोरं आपल्यावर हात साफ करतात म्हणून. माझं मत उलटं झालं. शिकणाऱ्याला प्रश्न गाळायची मुभा नसते, आणि त्याच्या मागे तपासणारा उभा असतो.

हे कॉलेज १९५६ चं. आधी मराठवाडा हैदराबाद राज्यात, त्यामुळे इकडच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर हैदराबादचं उस्मानिया गाठावं लागे. आपलं मराठवाडा विद्यापीठसुद्धा त्यानंतरचं, १९५८ चं. पुढे मेडिकल कॉलेज अंबाजोगाईला झालं, १९८८ ला नांदेडला, २००२ ला लातूरला. तरी ११०० हून जास्त खाटांच्या या दवाखान्यात जालना, बीड, परभणीच काय, बुलढाण्याकडचेही पेशंट दिसतात. आमच्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा लोणारचे. तात्यांची त्यांच्याशी कापसाच्या भावावरून रोज जुंपायची.

शांतता, एसी खोली हवी असेल तर हा दवाखाना तुमच्यासाठी नाही. गर्दी असते, आणि पेशंटजवळ घरचं एक माणूस लागतंच. चादर, मग, पाण्याची बाटली घरून न्या. आधार आणि रेशनकार्डही घ्या, मोफत उपचाराच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा दवाखान्यातला माणूस, ते मागतो. कॅन्सरचा पेशंट असेल तर रिक्षात बसण्याआधीच नीट सांगा. कॅन्सरचं रुग्णालय याच कॉलेजचं असलं तरी आमखास मैदानाकडे आहे, पाणचक्कीकडच्या या आवारात नाही.

साप चावला असेल तर त्याला मारून पिशवीत आणायच्या भानगडीत वेळ घालवू नका. त्यापेक्षा घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या उचलून न्या, म्हातारं माणूस "काही चालू नाही" म्हणत असलं तरी.