ओरिजिनल जपानी म्हणून खोटी गन, खोटा रंग आणि खोटा मास्क : मूर्ती-टँक रंगवणाऱ्या भावांनो, सीझनआधी हे वाचून घ्या

पोळा, तान्हा पोळा, गणपती आणि मग शारदा-दुर्गा, आपल्याकडच्या एअरब्रशवाल्यांचं (एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने बारीक रंग उडवणारी छोटी गन) वर्षभराचं पोट ह्या दोन-अडीच महिन्यांवर चालते आणि फसवणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. श्रावण लागला की मोबाइलवर "जपानी एअरब्रश फुल किट, सीझन ऑफर, गावापर्यंत डिलिव्हरी" अशा जाहिराती सुरू होतात. अशाच एका माणसाने मला फसवलं, दिग्रसकडच्या एका मूर्तिकार मित्राला फसवलं, आणि अजून किती जण असतील देव जाणे. पैशाचं दुःख आहेच, पण त्याने जो मास्क विकला तो पाहून माझं डोकं अजूनही गरम होते, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे, थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

मी दारव्हा तालुक्यातला. मूर्तीचं शेडिंग, बाइकच्या टँका, ट्रॅक्टरच्या बोनेटवर नाव नाहीतर वाघ, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, हे माझं काम. घरामागे टिनाची खोली आहे तोच स्टुडिओ. जुन्या गनची नीडल, म्हणजे नोझलमधून रंग कमी-जास्त सोडणारी आतली सुई, घासून गेली होती, केसासारखी बारीक रेष ओढायला गेलं की दोन रेषा उमटायच्या, आणि गणपतीच्या डोळ्याला, भुवईला असं चालत नाही. आपल्या तालुक्यात हार्डवेअरवाल्याकडे कार रंगवायची मोठी स्प्रे गन मिळते, एअरब्रश मिळत नाही, सुटं नोझल तर नाहीच नाही. मग माणूस मोबाइलवरच पाहणार.

हा विकणारा स्वतःला मुंबईचा इम्पोर्टर म्हणवायचा, बोलणं एकदम गोड, दादा-दादा करून. जाहिरातीत इवाता ह्या जपानी कंपनीची एक्लिप्स एचपी-सीएस मॉडेलची गन, टाकीवाला कंप्रेसर, बारा अमेरिकन रंगांच्या बाटल्या आणि टू-के क्लिअरसाठी (हार्डनर मिसळून वरून मारायचा पारदर्शक कोट) मास्क, सगळं मिळून साडेअकरा हजारात. मी म्हटलं व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवा, तर त्याने लगेच दाखवली. गन हातात घेतली, रंग टाकला, काळ्या कागदावर पांढरी केसासारखी रेष ओढली, ट्रिगर मागेपुढे करून जाड-बारीक करून दाखवली. ती गन खरी होती, हे मी आजही सांगतो, रेषेवरूनच कळते. फक्त पार्सलमध्ये दुसरी आली. म्हणून व्हिडिओ कॉल पाहिला म्हणजे झालं, असं कोणी समजू नका, पाहिलेल्या पिसचा सिरियल नंबर किंवा त्यावरची एखादी खूण फोटोत घेऊन ठेवा आणि आलेल्या पिसशी जुळवा.

पैसे अर्धे ऑर्डरला आणि अर्धे माल निघायच्या आधी, दोन्ही यूपीआयवर, आणि खात्यावर नाव भलत्याच माणसाचं. विचारलं तर म्हणे ते आमच्या अकाउंटंटचं नाव आहे दादा, आमचं करंट अकाउंट ऑडिटमध्ये आहे. पार्सल मात्र वेळेवर आलं. ही त्यांची खरी चाल आहे. काहीच पाठवलं नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी बोंब मारेल, बँक खातं गोठवेल. काहीतरी पाठवलं की माणूस आधी कामाला लागतो, मग वाटते आपलंच प्रेशर चुकत असेल, रंग जाड झाला असेल, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात.

गनवर नाव कोरलेलं, डब्यावर चकचकीत स्टिकर, पहिल्या दिवशी बरी चालली. नंतर एकेक सुरू झालं. वीस पीएसआय हवेच्या दाबावर मूर्तीच्या गालाला गुलाबी छटा देत होतो तर मधूनच थुंकायची, गालावर ठिपके. नोझल साफ करावं म्हणून थिनरमध्ये धुतली तर आतलं रबराचं पॅकिंग फुगलं आणि नीडल जाम झाली, ओढून निघेना. चांगल्या गनमध्ये तिथे टेफलॉनचं पॅकिंग राहते, थिनरने त्याला काही होत नाही. ट्रिगरजवळचं पॉलिश बोटाच्या घामानेच निघालं आणि खाली पिवळं पितळ दिसायला लागलं. पितळ चांगल्या गनमध्येही असते, त्यात काही वावगं नाही, पण वरचा मुलामा असा टरफलासारखा सुटत नाही.

मी एसटी धरून नागपूरला गेलो, महाल भागात चितार ओळीत एका जुन्या मूर्तिकाराकडे. त्यांच्याकडे तीच मॉडेलची खरी गन आहे, कित्येक वर्षं वापरलेली. त्यांनी दोन्ही गन शेजारी ठेवल्या, काही न बोलता आपल्या गनची समोरची टोपी फिरवून काढली, गन उलटी केली आणि नोझल त्यांच्या तळहातावर पडलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे पाय भाऊ, याले आटे नाहीत, नुसतं बसवाचं अन् टोपी कसाची, आपोआप मधात बसते. आता तुह्यं काढ." माझ्या डब्यात एक इवलासा पाना होता, त्याशिवाय नोझल निघेना, आणि निघालं ते ज्वारीच्या दाण्याएवढं, आट्याचं. "एक्लिप्सले पाना लागतच नाही," ते म्हणाले, "अन् हिचं नोझल पस्तीसचं असते, तुह्या डब्यावर तीस लिवलं हाय." झालं. एचपी-सीएसचं नोझल ०.३५ मिमीचं, आट्याशिवाय बसणारं, हे कंपनीच्याच माहितीत आहे. डब्यावर ०.३ लिहिलेलं आणि आत पाना, म्हणजे हजार-दोन हजारात मिळणारी साधी नक्कल गन, वरून नाव कोरलेली. तशी नक्कल गन नक्कल म्हणून, तिच्या भावात घेतली तर शिकायला वाईट नाही, शिकणारी पोरं वापरतातही. पण तीच दुसऱ्याच्या नावावर चढ्या भावात विकणं ही चोरी आहे.

कंप्रेसर निदान चालू होता, पण टाकीवाला सांगून बिनटाकीचा पाठवला. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तीन लिटरची टाकी असली की मशीन हवा भरून साधारण ४ बार दाबाला आपोआप बंद होते आणि ३ बारला उतरली की परत सुरू होते, मधल्या वेळात हवा एकसारखी येते. टाकी नसली की पिस्टनचा प्रत्येक धक्का रेषेत दिसतो, मोटर सतत चालून तापते, आणि गरम हवा पाइपमध्ये थंड झाली की पावसाळ्यात त्याचं पाणी होऊन थेट मूर्तीवर उडते. आपल्याकडे भादव्यात हवा किती दमट असते सांगायला नको. पाणी पकडायची बाटली म्हणजे मॉइश्चर ट्रॅप त्याने लावून दिला होता, पण खालचा पाणी सोडायचा वॉल्व्ह नुसता दिसायला, दाबला तरी उघडत नव्हता.

रंगांचं ऐका. बाटल्या बाहेरून बरोबर, लेबल बरोबर, पण झाकणाखालचं सील नव्हतं. नंदीच्या पाठीवर तपकिरी छटा मारली, रात्रभर वाळू दिली, सकाळी ओल्या बोटाने पुसली तर बोट तपकिरी आणि नंदी परत पांढरा. रंगाला धरून ठेवणारा बाइंडर त्यात नव्हताच. माझं पक्कं मत आहे की घराच्या डिस्टेंपरमध्ये टाकतात ते स्टेनर पाण्यात पातळ करून भरलं होतं, वासही तसाच आणि दोन दिवस बाटली ठेवली की खाली गाळ. कोणतीही बाटली आली की आधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरवून वाळवा, ओलं बोट फिरवा, मगच मूर्तीला हात लावा. हे नंदी पोरांच्या हातात जाणार, पोरं तोंडात घालतात, रंग सुटला तर कोणाच्या पोटात जाईल याचा विचार त्या माणसाने केला नाही.

आणि आता मास्क. बाइकच्या टँकीवर काम झालं की वरून टू-के क्लिअर मारतो आपण, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. हे जे आहे ते फुप्फुसाला धरते, एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की मग हवेत थोडंसं असलं तरी दमा उठतो आणि ती ॲलर्जी जात नाही. त्यातही वाईट म्हणजे धोक्याइतकं हवेत असलं तरी नाकाला काही कळत नाही, त्यामुळे मास्क निकामी झाला हे समजायला मार्ग नाही. खरं तर टू-केला बाहेरून पाइपने ताजी हवा देणारा मास्कच पाहिजे. ह्याने दिलेल्या मास्कवर दोन काळे डबे, वर "ॲक्टिव्ह कार्बन, टू-के सेफ" छापलेलं. माझ्याकडे गावातला एक पोरगा शिकायला येतो, तो तोच मास्क घालून क्लिअर मारत होता आणि संध्याकाळी खोकायला लागला, छाती आवळते म्हणाला. त्याला दवाखान्यात नेलं, आता बरा आहे. रात्री मी तो डबा चाकूने फोडला. आत कोळशाचे दाणे पाहिजेत, गच्च भरलेले. आत निघाला गादीतला काळा स्पंज. एक गोल कापलेला स्पंज आणि त्यावर जाळी. एवढंच.

गन खोटी निघाली तर मूर्ती बिघडते, परत रंगवता येते. हे मात्र माणसाचा जीव घेणं आहे, आणि ज्याने तो स्पंज कापून भरला त्याला आत काय आहे ते माहीत होतं.

फोन केला तर आधी म्हणाला प्रेशर कमी ठेवा दादा, मग म्हणाला गन परत पाठवा, कस्टमचे आणि कुरिअरचे अठराशे भरा, नवीन पिस येईल. दिग्रसच्या मित्राने गन पाठवली, पैसेही भरले, नवीन तर आली नाहीच वरून हातातला पुरावाही गेला. म्हणून माल परत मागितला तर मालाचे, डब्याचे, नोझलचे जवळून फोटो काढल्याशिवाय आणि चॅटवर लेखी घेतल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा देऊ नका. आम्ही दोघांनी बिलं शेजारी ठेवली तर दोन्हीवर बिल नंबर एकच, तारखा मात्र वेगळ्या. जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७ आणि ०७ दिल्लीचा, मग हा मुंबईचा इम्पोर्टर कसा? जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर कापडाच्या दुकानाचं नाव आलं, त्या बिचाऱ्याला बहुतेक माहीतही नसेल. हे तपासायला एक पैसा लागत नाही, पैसे पाठवायच्या आधी दोन मिनिटं द्या.

ब्लॉक करायच्या आधी त्याने मला एक शेवटचा मेसेज टाकला की तुम्ही धंदेवाले आहात, तुम्हाला ग्राहक कोर्ट लागू होत नाही. तालुक्यातही एक-दोन शहाण्यांनी मला हेच ऐकवलं. हे साफ खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७) खालचं स्पष्टीकरण वाचा, स्वतः काम करून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतली असं धरत नाहीत. म्हणजे स्वतः गन हातात धरून मूर्ती रंगवणारा माणूस ग्राहकच आहे. विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत २ वर्षांची. ऑनलाइनही भरता येते. आधी सल्ला पाहिजे असला तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, आणि पैसे नुकतेच गेले असतील तर सगळं सोडून पहिले १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तिथे जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

मी पोलीस ठाण्यात सायबरची तक्रार दिली, यूपीआयच्या पावत्या, चॅट, बिल आणि फोडलेला डबा सगळं दाखवलं. ज्या खात्यात पैसे गेले त्यातली थोडी रक्कम रोखून धरली आहे असं सांगितलं गेलं, मिळेल तेव्हा मिळेल. दिग्रसचा मित्र आणि मी, दोघांनी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात वेगवेगळ्या तक्रारी टाकल्या आहेत, तारीख लागायची आहे. आणखी कोणाकडे बिनटाकीचा कंप्रेसर आणि पाना लागणारी "एक्लिप्स" आली असेल, आणि बिलावर तोच कापडवाल्याचा जीएसटी नंबर असेल, तर डबा फेकू नका, मास्क घालू नका, आणि खाली कळवा, तुमचं बिलही आमच्या बिलांसोबत ठाण्यात देता येईल.