पायाने चालणारं काळं शिलाई मशीन

सुती कुर्ते, परकर घरी निवांत शिवायचे तर सरळ टाक्याचं हे मशीन आजही उत्तम. वेग पायाच्या ताब्यात राहतो; गळ्याच्या वळणावर एकेक टाका घालता येतो. मलमलीला 11 नंबरची सुई, पॉपलीनला 14.

खाली दोऱ्याचा गुंता झाला तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलून पुन्हा ओवा, म्हणजे दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसतो. तेल मशीनचंच घाला. खोबरेल चिकटून चाक जड होतं.

मोठी उणीव म्हणजे झिगझॅग, म्हणजे कापडाची कडा उसवू न देणारा नागमोडी टाका, नाही. त्यामुळे कापलेली कडा आत झाकणारी फ्रेंच शिवण शिकाच. माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड) 1.5 सेंमी: कापडाच्या उलट बाजू जुळवून 6 मिमीवर पहिली टीप मारा, कडा 3 मिमीपर्यंत छाटा, उलटवून 9 मिमीवर दुसरी.