गाजर गवतावरचे मेक्सिकन भुंगे: दोन पावसाळ्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैमध्ये एका कृषी केंद्रातून आणलेले 500 मेक्सिकन भुंगे, म्हणजेच झायगोग्रामा बायकलराटा, आम्ही बांधावरच्या गाजर गवतावर सोडले. डबीला छिद्रे कमी असल्याने काही वाटेतच मेले. त्या केंद्राने बांधणीकडे लक्ष द्यायलाच हवे.

मेक्सिकोचा हा कीटक 1980च्या दशकात बंगळुरूत आणला गेला आणि पुढे उत्तरेकडे पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा जेमतेम 6 मिलिमीटरचा जीव आणि त्याच्या अळ्या कोवळे शेंडे अशा कुरतडतात, की झाडाला फुले धरायला वावच उरत नाही. सूर्यफुलावर तो आढळल्याने पूर्वी मोठी भीती निर्माण झाली होती. मात्र त्याचे खरे खाद्य गाजर गवतच असून आमच्या शेजारचे सूर्यफूल सुखरूप राहिले.

कोरड्या दिवसांत भुंगे जमिनीत दडून बसतात, त्यामुळे उन्हाळ्यात सोडणे व्यर्थ आहे. यंदा पहिल्या पावसानंतर ते आपणहून वर आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ओलिताच्या पाटाकडेचे गवत मात्र अजूनही हातानेच उपटावे लागते.