तयार व्हीपीएन राउटर की मिनी पीसीवर ओपीएनसेन्स?

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकान, कुपवाड एमआयडीसीत गोडाऊन, एवढाच आमचा पसारा. टॅली दुकानातल्या मशीनवर असतं आणि गोडाऊनचे दिवाणजी व्हीपीएनवरून (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारी खाजगी, कुलूपबंद वाट) रिमोट डेस्कटॉप घेऊन त्यात आवक-जावक चढवतात. अशीच मांडणी असलेले ओळखीचे व्यापारी हल्ली विचारतात, की छोटा तयार व्हीपीएन फायरवॉल राउटर घ्यावा की मिनी पीसीवर ओपीएनसेन्स, म्हणजे पीसीचाच फायरवॉल राउटर करणारी फुकट सिस्टीम, टाकावं. मी दोन्ही चालवलंय.

तयार राउटरच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वीज कमी खातो, छोट्या यूपीएसवर बराच वेळ तग धरतो, आणि दुपारी आणला तर संध्याकाळी टनेल, म्हणजे दोन जागांमधला व्हीपीएनचा दुवा, उभा राहतो. वेगाचीही माझी तक्रार नाही. चार-पाच माणसांच्या ऑफिसला त्याचा वेग पुरून उरतो.

मला नडलं ते वेगळंच. ब्रॉडबँडची लाइन क्षणभर गेली, परत येताना आयपी बदलला, की दिवाणजींचा फोन यायचा: "दादा, दिवा हिरवाच हाय की, पण टॅली उघडंना." राउटरच्या पानावरही 'कनेक्टेड'च दिसायचं. तो राउटर टनेलसाठी आयपीसेक ही पद्धत वापरायचा, तिच्यात असं होऊ शकतं. दोन्ही टोकं ठरावीक मुदतीसाठी, बहुतेक सेटिंगमध्ये 3600 सेकंदांसाठी, डेटा कुलूपबंद करायच्या किल्ल्या ठरवून घेतात. एक टोक मध्येच उठून गेलं तरी दुसरं जुन्याच किल्लीने डेटा पाठवत राहतं. हे ओळखायला डेड पीअर डिटेक्शन (समोरचं टोक जिवंत आहे का ते तपासत राहणारी सोय) असतं आणि आमच्याकडे ते चालू होतं, तरी काही वेळा टनेल उठायचाच नाही. मग राउटरची विजेची पिन काढून परत लावायची, की लगेच सगळं सुरळीत.

इथेच खरी मेख होती. त्या राउटरचा लॉग, म्हणजे काय कधी घडलं याची नोंदवही, फक्त रॅममध्ये राहायचा. उपाय एकच, रीस्टार्ट, आणि रीस्टार्ट केला की बिघाडाचा पुरावा पुसला जायचा. दोष लाइनचा, समोरच्या टोकाचा की राउटरचाच, हे कधी कळलंच नाही. सपोर्टवाले पहिल्यांदा लॉगच मागायचे. सिसलॉगने त्याच नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवून पाहिल्या, तर त्यात 'टनेल अप', 'टनेल डाउन' यापलीकडे काही येत नव्हतं. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत, बाहेर ट्रक उभा आणि ई-वे बिल अडलेलं असताना, कारण न कळता नुसती पिन काढत बसणं मला सहन झालं नाही. माझा निर्णय त्यावरच झाला.

ओपीएनसेन्सवर लॉग डिस्कवर राहतो, रीस्टार्टनंतरही कालच्या नोंदी वाचता येतात. शिवाय टनेलसाठी आयपीसेकऐवजी वायरगार्ड ही दुसरी पद्धत घेता येते, 24.1 आवृत्तीपासून ती मूळ सिस्टीममध्येच आहे. त्यात शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखून नव्या किल्ल्या ठरवणं, किती वेळापूर्वी झाला ते दिसतं. कीपअलाइव्ह (टनेल जागा ठेवायला ठरावीक वेळाने जाणारा छोटा संदेश) 25 सेकंदांवर ठेवला आणि हँडशेकला तीन-चार मिनिटं उलटून गेली, की टनेल मेला हे नक्की. एका टोकाचा आयपी बदलला तर दुसरं टोक बहुधा आपोआप जुळवून घेतं. दोन्ही टोकांचे एकदम बदलले तर मात्र अडतं, कारण वायरगार्ड डायनॅमिक डीएनएसच्या नावावरून (आयपी बदलला तरी कायम राहणारं नाव) समोरचा आयपी सुरुवातीलाच शोधतं, पुन्हा पुन्हा नाही. त्यासाठी ओपीएनसेन्सच्या क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी आपोआप कामं करणारी सोय) तयार काम आहे, ते लावून टाका.

आता त्याच्या अडचणी. लाइट जाऊन आली की मिनी पीसी स्वतःहून चालू होईलच असं नाही. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, तसं करावं लागतं. इन्स्टॉल करताना डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत म्हणून झेडएफएस निवडा, अचानक वीज जाण्याला ते जास्त सोसतं. नेटवर्क कार्ड शक्यतो इंटेलचं बघा. चालू व्हायला तयार राउटरपेक्षा वेळ लागतो. जानेवारी आणि जुलैत मोठी आवृत्ती येते, तिच्याकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवं. पण सगळी सेटिंग एका एक्सएमएल फाइलमध्ये मावतात. ती फाइल जपून ठेवली तर मशीन जळलं तरी दुसऱ्यावर तीच मांडणी चढवता येते.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. दोन्ही टोकांना 100.64 ने सुरू होणारा आयपी मिळत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून थेट तुमच्यापर्यंत पोचता येत नाही. मग खरेदीआधी निदान एका टोकाला पब्लिक आयपी मागून घ्या.

तुमच्याकडे हे बघणारं माणूस असेल, तर मी मिनी पीसीच सुचवीन. नसेल, तर तयार राउटरही चुकीचा नाही, कदाचित तुमच्या लाइनवर तो नीट चालेलही. फक्त दुकानदाराला तो समोर चालू करायला सांगा, लॉगचं पान उघडा, पिन काढून परत लावा आणि आधीच्या नोंदी शिल्लक आहेत का ते बघा. असतील, तर तो घ्यायला माझी हरकत नाही.