गिरिराजच्या दोन बॅच काढल्यावर

मागच्या एप्रिलपासून आमच्या परड्यात कोंबड्या आहेत. दोन बॅच निघाल्या, तिसरीची ऑर्डर दिली आहे. सुरू करण्याआधी मी जे व्हिडिओ बघितले त्यांत सगळीकडे ‘१०० पक्षी आणि महिन्याला अमुक हजार’ असं छातीठोक सांगितलेलं असायचं. आमच्याकडे काय झालं ते आकड्यांसकट लिहिते.

आम्ही शाहूवाडीच्या पावसाळी पट्ट्यातले. घरामागं आठ गुंठे, दोन फणस, कडेनं गवताचा बांध. शेड १० बाय २० फुटांचं, म्हणजे १०० पक्ष्यांना माणशी, आपलं पक्षीशी, २ चौरस फूट. खाली कोबा, कडेनं दोन फूट वीट आणि वर जाळी. ३८ हजार लागले. जाळी बारीक घ्या. आम्ही पहिल्यांदा स्वस्तातली मोठ्या भोकांची घेतली आणि मुंगसानं एक पिल्लू बाहेरूनच ओढून खाल्लं.

ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो हे खरं. पण शंभर पक्ष्यांत ब्रॉयलरला कोण विचारतं? त्याचा दर आपल्या हातात नाही. अस्सल गावठी कोंबडं खाण्याजोगं व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि एका वयाची शंभर पिल्लं कुठं मिळत नाहीत. म्हणून मधला मार्ग, गिरिराज. ही जात बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली, रंगीबेरंगी, अंगानं भारी, आणि परड्यात फिरून खाणारी. वनराजाही चालला असता, तो हैदराबादचा. आमच्या जवळच्या हॅचरीत गिरिराज होता, एवढंच.

१० एप्रिलला पिल्लं आली. १०० सांगितली होती, वर दोन फुकट. ३८ रुपयांना एक. तांदळाचं तूस तीन इंच पसरलं, पत्र्याचा गोल चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, केला, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरेनहाइट लागतं, पुढं दर आठवड्याला पाच-पाच अंशांनी कमी करायचं. थर्मामीटर आणला, पण खरं सांगायचं तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन किंचाळत असली तर गार लागतंय, कडेला चोच उघडी ठेवून बसली तर उकडतंय. एप्रिलमध्ये दिवसा बल्ब बंदच ठेवावा लागला. पहिल्या आठवड्यात तीन मेली.

मोठा फटका बसला सोळाव्या रात्री. संध्याकाळी वळीव आला, वारं सुटलं, लाइट गेली ती पहाटेपर्यंत. आम्ही पडदे सोडले आणि झोपलो. सकाळी एका कोपऱ्यात ढीग, त्याखाली सात पिल्लं चेंगरून मेलेली. गार लागलं की ती एकमेकांवर चढतात, आणि खालच्यांचा जीव गुदमरतो. चिकगार्ड गोल असतो तो याचसाठी, कोपरा राहू नये म्हणून. आम्ही तो दोन दिवस आधीच काढला होता, जागा अपुरी पडते म्हणून. आता तिसऱ्या आठवड्यापर्यंत काढत नाही, मोठा करते. आणि एक बादलीभर निखारा, वर पत्रा, तयारीत ठेवते. धूर मात्र आत कोंडू द्यायचा नाही.

लसीत हयगय केली नाही. सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेतची) लस, डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी परत लासोटा पाण्यातून. पाणी विहिरीचं, नळाचं नाही, कारण क्लोरीननं लस मरते. त्यात थोडी दूध पावडर घालायची. आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात मानमोडीनं कोंबड्या जातात. लसीची बाटली निदान १०० डोसांची येते आणि फोडली की उरवता येत नाही, म्हणून दुसऱ्या बॅचच्या वेळी उरलेली लस शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांना दिली. त्यांच्या वाचल्या तर आमच्याही वाचतात.

खाद्याबद्दल सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. ‘फिरून खातात, खर्च शून्य’ हे सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला लागूच नाही. त्याला स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, लागतो, नाहीतर पंख फुटतात आणि अंग भरत नाही. पुढं मक्याचा भरडा, भाजीचा पाला, बांधावरचे किडे यांनी थोडी बचत होते. मी अझोलाही केला, पाण्यावर वाढणारं हिरवं शेवाळासारखं खाद्य. हिरवागार गालिचा बघून बरं वाटतं, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. तोंडीलावणं म्हणून ठीक, त्यावर पक्षी वाढत नाही. अकरा आठवड्यांत ९१ पक्ष्यांनी ५० किलोची नऊ पोती संपवली.

आता विक्री, आणि इथंच आमचं गणित जमलं आणि हुकलंही. आखाड २६ जूनला लागला. आमच्याकडं आखाडात मंगळवार-शुक्रवार देवीला कोंबडं असतं, त्याला नर लागतो, तोही तुरेवाला. ९१ पैकी ४६ नर. १ किलो ९०० च्या आसपासचे. चाळीस गेले, ५५० रुपयांना एक, वजन न करता, माणसं दारात येऊन घेऊन गेली. सहा घरात आणि देवीला.

राहिल्या ४५ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. त्यांना कोण विचारीना! देवाला चालत नाहीत आणि अंगानं किलो-सव्वा किलो. अठरा ३५० नं गेल्या. मग २५ जुलैला श्रावण लागला आणि दारातली वर्दळ एका रात्रीत थांबली. तलंगा मात्र श्रावण पाळत नाहीत. एकेक तलंग दिवसाला शंभरेक ग्रॅम खाद्य खातेच. शेवटी बारा व्यापाऱ्याला २०० नं दिल्या, पंधरा अंड्यांना ठेवल्या.

आले ३०,७००. गेले: पिल्लं ३,८००, खाद्य १८,९००, लस-औषध ७००, तूस आणि लाइट ९००. राहिले ६,४००. यात शेडचा पैसा नाही आणि माझी सकाळ-संध्याकाळही धरलेली नाही.

चवीबद्दल. गिरिराज ब्रॉयलरसारखा भुसभुशीत नाही, कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतात, रस्सा दाट होतो. पण गावठी नाही. पहिल्याच शुक्रवारी एका म्हातारीनं कोंबडं उचललं, पाय बघितले आणि म्हणाली, “एवढ्या जाड पायाचं गावठी कवाबी न्हवं, पोरी.” मी तिला कबूल करून टाकलं. तेव्हापासून दारात पाटी आहे, ‘गिरिराज’. गावठी म्हणून डीपी क्रॉस, म्हणजे गावठीसारखा दिसणारा संकरित पक्षी, विकणारे बाजारात पुष्कळ आहेत, आणि त्यांचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. त्या म्हातारीनं त्या दिवशी दोन नेले.

दुसरी बॅच १ ऑक्टोबरला, साठच. चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण. पाण्याचं भांडं एका बाजूला झिरपत होतं, त्याखालचं तूस लगदा झालेलं, आणि मी रोज बघूनही न बघितल्यासारखं केलं. चार गेली, आधीचं एक धरून पाच. पाण्यातून अँप्रोलियम हे त्यावरचं औषध दिलं, ओलं तूस काढून टाकलं, थोडा चुना भुरभुरवून रोज पंजानं हलवलं. भांडं आता पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांगते, म्हणजे सांडत नाही. शेडात शिरल्यावर डोळे चुरचुरले तर तूस बिघडलंय हे नक्की. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

या वेळी मार्गशीर्ष संपला आणि पक्षी तयार झाले, ३१ डिसेंबरला नर-मादी कुणी बघितलं नाही, वजनावर सगळे गेले. देवीचं गिऱ्हाईक आणि पार्टीचं गिऱ्हाईक वेगळं असतं, हे मला दुसऱ्या बॅचला कळलं.

तिसरीसाठी मी गेल्या वर्षीसारखं १० एप्रिल ठरवून बसले होते. सासूबाईंनी कालनिर्णय पुढ्यात टाकलं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे आखाड जुलैच्या मध्यावर. १० एप्रिलची पिल्लं तीन आठवडे नुसती बसून खाणार होती. हॅचरीला फोन करून तारीख बदलून घेतली, २८ एप्रिल, मंगळवार. पिल्लं ऐंशीच सांगितली आहेत. नर-मादी निवडून देता का विचारलं, तर नाही म्हणाले.