विक्काची दीक्षा: कोव्हेनकडून की एकट्या शिक्षकाकडून?

विक्का हा चेटूकविद्या मानणारा आधुनिक निसर्गपूजक धर्म, आणि कोव्हेन म्हणजे तो पाळणाऱ्यांचा छोटा गट, परंपरेने तेरापर्यंत माणसांचा. तिथे चौकशी करायला इतर सदस्य असतात. गट चालवणारी मुख्य पुरोहिता समोर नसताना त्यांच्याशी बोला, आणि गट सोडून गेलेल्यांचा विषय काढा. गेलेला प्रत्येक जण 'विश्वासघातकी' ठरत असेल, तर नक्कीच काही काळंबेरं आहे.

एकटा शिक्षक वेळ जास्त देतो, पण त्याला टोकणारं कुणी नसतं. म्हणून त्याला दीक्षा कुणी दिली, हे विचारावंच. गार्डनेरियन परंपरेत, म्हणजे जेराल्ड गार्डनर यांच्यापासून चालत आलेल्या शाखेत, कुणाला कुणी दीक्षा दिली ही साखळी सांगता येते आणि दीक्षेचे पैसे घेत नाहीत. खुल्या वर्गाची फी किंवा मेणबत्त्यांची वर्गणी वेगळी. 'आजीकडून आलेली हजारो वर्षांची विक्का' असं ऐकलंत तर हसू आवरा. जेराल्ड गार्डनर यांनी ती इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात लोकांपुढे आणली.

विवस्त्र विधींचं काय? गार्डनेरियन कोव्हेनमध्ये ती जुनी रीत आहे. नको असेल तर झगे घालणारे गट भरपूर आहेत. मात्र शरीरसंबंधाशिवाय दीक्षा नाही, असं म्हणणारा गट असो वा शिक्षक, तिथून तडक उठावं. एकट्या शिक्षकाकडे हा दबाव बंद दाराआड येतो, साक्षीला कुणी नसतं.

बऱ्याच परंपरांत दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकवतात. घाई कोणीही करो, संशय घ्यावा. नवख्याने माझ्या मते कोव्हेनच बघावं, तेही घरच्यांपासून तोडू न पाहणारं.